रोजा सोडतो, मग तंबाखू का सोडत नाही?

मराठीत रोजा ‘सोडतात’, उर्दूत तो ‘खोलतात’. घरात दोन्ही भाषा नांदत असल्या की असे फरक कानाला लागतात. मराठीतलं हे ‘सोडणं’ मोठं गमतीचं आहे. उपवास सोडणं म्हणजे खायला सुरुवात करणं आणि तंबाखू सोडणं म्हणजे खाणं थांबवणं. रमजानच्या संध्याकाळी ही दोन्ही सोडणी एकमेकांसमोर येऊन उभी राहतात. मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो, पाणी, फळं, भजी, मग नमाज. आणि नमाज झाली की कादराबाद असो, सदर बाजार असो की गांधी चमन, टपरीवर गर्दी होते. ज्यानं दिवसभर पाण्याचा थेंब घशाखाली उतरू दिला नाही, तोच माणूस डाव्या तळहातावर चुना घेऊन अंगठ्यानं तंबाखू मळू लागतो. रोजा सुटतो, तलब सुटत नाही.

हा लेख त्या माणसासाठी आहे. तो मुसलमानच असेल असं नाही. एकादशीला साबुदाण्याशिवाय काही न खाणारे, पण ‘तंबाखू उपवासाला चालते’ असं हसत सांगणारेही आपल्याकडे कमी नाहीत. पुडीला जात नसते आणि धर्मही नसतो.

तेरा तासांचं गणित

रोज्यात तंबाखू चालत नाही, याबद्दल दुमत नाही. धूर असो, मळलेली तंबाखू असो, गुटखा असो की मशेरी, रोजा मोडतो. म्हणजे रोज तंबाखू खाणारा रोजेदार सहेरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास तंबाखूविना राहतो. तेही एक दिवस नव्हे, एकोणतीस किंवा तीस दिवस. एरवी त्याला कुणी सांगितलं की दुपारपर्यंत पुडी खाऊ नकोस, तर तो म्हणेल, ‘डोकं फुटेल माझं.’

या तेरा तासांत शरीरात काय होतं ते पाहू. तंबाखूतलं निकोटिन रक्तात फार काळ टिकत नाही. साधारण दर दोन तासांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं. दोन तासांनी अर्धं, चार तासांनी पाव, सहा तासांनी दोन आणे. असं मोजत गेलं तर इफ्तारपर्यंत सहेरीच्या शेवटच्या बारातलं निकोटिन शंभरात एखादा हिस्साच उरतं. असरच्या सुमाराला होणारी चिडचिड, डोकेदुखी, जांभया, कामात लक्ष न लागणं या सगळ्याला आपण ‘रोजा लागतोय’ म्हणतो. तंबाखू खाणाऱ्याच्या बाबतीत त्यातला बराच भाग भुकेचा नसतो, निकोटिनच्या तुटीचा असतो.

तंबाखू पूर्ण बंद केल्यावर हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो, मग हळूहळू उतरत तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. तीन-चार आठवडे म्हणजे जवळजवळ एक रमजान. महिनाभर रात्रीही तंबाखूला हात लावला नाही, तर ईदच्या चंद्रापर्यंत शरीराचा अवघड टप्पा मागे पडलेला असतो. पण रोज इफ्तारनंतर एक बार भरला, तर रोजेदार दिवसभर चढलेला डोंगर दहा मिनिटांत उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायथ्यापासून चढायला लागतो. तीस दिवसांत तीस वेळा तो पहिल्याच दिवसाचा त्रास काढतो. फायदा मात्र एकदाही पदरात पडत नाही.

म्हणून प्रश्न दिवसाचा नाही. दिवस त्यानं केव्हाच जिंकलेला आहे. प्रश्न संध्याकाळच्या त्या दहा मिनिटांचा आहे.

बाहेरचा हुकूम आणि आतला हुकूम

तंबाखू आपल्या देशाची नाही. पोर्तुगिजांच्या व्यापारातून ती दख्खनमध्ये आली आणि इथून उत्तरेला गेली. अकबराचा वकील म्हणून विजापूरला गेलेल्या असद बेगनं परत जाताना तंबाखू आणि ती ओढायची नळी बादशहासमोर नेली, ती अकबराच्या अखेरच्या वर्षांत. दरबारातल्या हकिमांनी तेव्हाच हरकत घेतली होती. पुढे १६१७ मध्ये जहांगीरनं तंबाखूला मनाई केली. बादशहाचा हुकूम होता, तरी तंबाखू गेली नाही.

आपल्या काळातले हुकूमही आठवा. २००३ च्या कायद्यानं अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटख्यावर बंदी घातली. २०१६ पासून पुडीच्या ८५ टक्के भागावर सडलेल्या जबड्याचं चित्र छापलं जातं. हे सगळं हवंच होतं आणि त्याचा काही परिणामही झाला. २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २७.६ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खात होते. २०१६-१७ मध्ये ते प्रमाण २४.४ टक्क्यांवर आलं. पण २४.४ टक्के म्हणजे अजूनही जवळपास चारातला एक माणूस. याच पाहणीत बिडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के होते. आपल्या राज्याचं व्यसन धुराचं कमी आणि गालातलं जास्त आहे.

गालातल्या व्यसनाचा एक गैरसमज आहे. ‘मी ओढत नाही, नुसती खातो’ असं म्हणणाऱ्याला ते किरकोळ वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं धूरविरहित तंबाखूला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. सुपारीही, तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा, त्याच गटात आहे. हे चित्र पुडीवर आहे, सगळ्यांनी पाहिलेलं आहे, तरी पुडी फाडली जाते. कारण बाहेरचा हुकूम टपरीपर्यंत पोहोचतो. हात खिशात जातो तो मात्र आतल्या हुकमानं.

हा आतला हुकूम बदलायचे जे मार्ग आहेत, त्यांपैकी एक म्हणजे स्वसंमोहन.

संमोहन म्हणजे जादू नव्हे

संमोहन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो रंगमंचावरचा जादूगार, हलणारं घड्याळ आणि कोंबड्यासारखा आरवणारा प्रेक्षक. धार्मिक मुसलमानाच्या मनात लगेच ‘हे सिहर तर नाही ना?’ अशी शंका येते, तर शिकलेला माणूस ‘हे थोतांड तर नाही ना?’ असं विचारतो. दोन्ही शंका रास्त आहेत, म्हणून आधी त्यांचं पाहू.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि मँचेस्टरमध्ये व्यवसाय करणारे शल्यविशारद जेम्स ब्रेड यांनी १८४१ मध्ये एका फिरत्या मेस्मेरिझमवाल्याचा खेळ पाहिला. त्या काळी लोक समजत की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून काही अदृश्य शक्ती वाहते आणि समोरच्याला झोपवते. ब्रेड यांनी तपासून दाखवलं की तसं काही वाहत नाही. एका जागी नजर आणि लक्ष खिळवलं की ही अवस्था माणसाच्या स्वतःच्याच मेंदूत तयार होते. १८४३ च्या त्यांच्या पुस्तकानं ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला. पुढे वाताच्या तीव्र दुखण्यात त्यांनी हा प्रयोग स्वतःवरच केला. म्हणजे समोर दुसरा माणूस नसला तरी चालतं, हे जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्याच सुमाराला, १८४५ मध्ये, बंगालमधल्या हुगळीत डॉ. जेम्स एस्डेल मेस्मेरिझमचा वापर करून शस्त्रक्रिया करत होते. भुलीसाठी ईथर आणि क्लोरोफॉर्म तेव्हा आलेलं नव्हतं.

संमोहनात माणूस झोपत नाही, बेशुद्ध होत नाही, कुणाच्या ताब्यात जात नाही. लक्ष एका ठिकाणी गोळा होतं, आजूबाजूचे आवाज मागे सरतात आणि मनाला दिलेली सूचना नेहमीपेक्षा खोल उतरते. रात्रीच्या गाडीत खिडकीबाहेर बघता बघता आपलं स्टेशन कधी आलं ते कळत नाही, तशी ती अवस्था. यात मंत्र नाही, ताईत नाही, जिन्न नाही. आपल्या राज्यात बुवाबाजीविरुद्ध आयुष्यभर बोलत आलेले अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव स्वतः स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेत आले आहेत, एवढं एक उदाहरण दुसऱ्या शंकेला पुरे आहे.

पहिल्या शंकेचं उत्तर असं की सूचना देणारे तुम्ही आणि घेणारेही तुम्हीच. त्यात दुसऱ्या कुणाची सत्ता येत नाही. हे इबादत नाही आणि इबादतीची जागाही घेत नाही. दातदुखीवर लवंग ठेवतो, तसा हा एक उपाय.

नियत

उर्दूतली ‘नियत’ मराठीत आली आणि बिघडली. मराठीत नियत बहुधा ‘फिरते’, कुणाच्या तरी पैशावर किंवा जमिनीवर. मूळ अर्थ सरळ आहे: मनाशी केलेला पक्का इरादा. रोज्याची सुरुवात भुकेनं होत नाही, नियतीनं होते. नुसतं दिवसभर उपाशी राहिलेला माणूस रोजेदार ठरत नाही. त्यानं त्याची नियत केलेली असावी लागते. ती मनात असली तरी पुरते. अनेक जण सहेरीच्या वेळी ती शब्दांतही म्हणतात.

बाकीच्या परंपरांतही हेच सापडतं. जालन्यातले जैन बांधव पच्चक्खाण घेतात: ठरावीक वेळेपुरता, ठरावीक गोष्टीचा त्याग, शब्दांत उच्चारून. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो आणि त्या दिवसापासून दारू आणि मांसाला शिवत नाही. माळ घालणाऱ्याचा हात कुणी धरत नाही. तो स्वतःला दिलेला शब्द असतो, आणि बहुतेक वेळा तो पाळला जातो.

स्वसंमोहनाची स्वयंसूचना याच घराण्यातली आहे. फ्रान्समधले औषधविक्रेते एमिल कुए विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे येणाऱ्या माणसांना एक छोटं वाक्य द्यायचे. सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री झोपण्याआधी डोळे मिटून, ओठ जेमतेम हलतील अशा आवाजात, ते वीस वेळा म्हणायचं. मोजण्यासाठी वीस गाठी मारलेली दोरी. तसबीह किंवा जपमाळ हाताळलेल्या माणसाला ती दोरी नवी वाटणार नाही.

न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगल यांनी सिगारेट सोडवण्यासाठी एकाच भेटीत शिकवता येईल अशी स्वसंमोहनाची पद्धत १९७० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या सूचनेचा गाभा तीन पायऱ्यांचा होता. हा पदार्थ माझ्या शरीराला विष आहे. जगण्यासाठी मला हे शरीर लागतं. म्हणून या शरीराचा मान आणि सांभाळ माझ्याकडे लागतो. पहिली पायरी सगळ्यांना पाठ असते, पुडीवर छापलेलीच आहे. जोर तिसऱ्या पायरीवर आहे. उर्दूत त्या भावनेला ‘अमानत’ म्हणतात आणि मराठीत ‘ठेव’. शरीर आपल्या मालकीचं नाही, सांभाळायला दिलेलं आहे, हे रोजेदाराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ‘तंबाखूशी लढ’ असं मनाला सांगितलं की दिवसभर डोक्यात तंबाखूच राहते. ‘ठेव सांभाळ’ असं सांगितलं की लक्ष शरीराकडे वळतं.

कसं करायचं

यासाठी पैसे लागत नाहीत. दहा मिनिटं आणि एक शांत कोपरा लागतो. रमजानमध्ये दोन वेळा सोयीच्या आहेत: सहेरीनंतर फजरच्या आसपास, आणि असर ते मगरिबच्या मध्ये, तलब टोकाला असताना. इतरांनी सकाळ आणि दिवेलागण धरावी. डोळे मिटून शांत बसण्यानं रोज्याला काही बाधा येत नाही. गाडी चालवताना, यंत्रावर किंवा भट्टीजवळ काम करताना मात्र हे करू नये.

पाठ टेकवून बसा, हात मांडीवर मोकळे. समोरच्या एका ठिपक्याकडे पापण्या जड होईपर्यंत बघा आणि डोळे मिटा. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. आता पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक अवयव सैल सोडा: पोटऱ्या, मांड्या, पोट, खांदे. जबडा आणि जीभ यांना जास्त वेळ द्या, कारण तंबाखू खाणाऱ्याचा जबडा कायम आवळलेला असतो. मग मनात दहापासून एकपर्यंत उलटे आकडे मोजा. प्रत्येक आकड्याला विहिरीची एक पायरी उतरताय असं समजा. आपल्याकडच्या जुन्या बारवा आठवा. खाली जाल तसा गारवा वाढतो.

तळाशी पोहोचलात की चित्र उभं करा. इफ्तार झाली आहे, चहा झाला आहे, पावलं सवयीनं टपरीकडे वळली आहेत. तिथंच चित्र बदला. तुम्ही टपरीसमोरून सरळ पुढे जाताय. तोंडात पाण्याची नाही तर मिसवाकची चव आहे. लेकरू जवळ येतं आणि तुम्ही तोंड फिरवत नाही. हे चित्र जितकं खरं, जितकं तुमच्या गल्लीतलं, तितकं चांगलं.

मग सूचना. ती छोटी असावी, आत्ताच्या काळातली असावी आणि तिच्यात तंबाखूचं नाव नसावं. ‘मी तंबाखू खाणार नाही’ असं म्हटलं की मनासमोर आधी तंबाखूच येते. ‘माझं तोंड स्वच्छ आहे. हे शरीर माझ्याकडे ठेव आहे. मी ती सांभाळतोय.’ एवढं पुरे. आणि ती त्या भाषेत म्हणा, ज्या भाषेत तुम्ही स्वतःशी भांडता. कुणाची ती वऱ्हाडाला टेकलेली जाफराबादची मराठी असेल, कुणाची दखनी: ‘ये जिस्म अमानत है, मैं इसको संभाल रहा हूँ.’ पुस्तकी भाषेतलं वाक्य मनाच्या ओसरीवरच थांबतं.

शेवटी एक खूण बांधून ठेवा. ज्या अंगठ्यानं तंबाखू मळली, तो अंगठा तळहातावर ठेवून त्यावर मूठ मिटा आणि सूचना तीनदा म्हणा. रोज असं केलं की ती मूठ आणि ती शांतता यांची जोडी जमते. मग एक ते पाच मोजा, पायऱ्या वर चढा, डोळे उघडा. पहिल्या दिवशी ‘काही झालं नाही’ असं वाटेल. ते तसंच असतं. सायकल शिकताना पहिल्या दिवशी कोण चालवतं?

ती दहा मिनिटं

सरावाची खरी परीक्षा इफ्तारनंतर. तलब हा शब्द ज्या अरबी धातूतून आला, त्यातूनच तालिब आला. तालिब म्हणजे मागणारा, शोधणारा. ज्ञान मागतो म्हणून विद्यार्थी तालिब-ए-इल्म. तलब म्हणजे मुळात एक मागणी. दारावर मागणारा आला की प्रत्येक वेळी दिलंच पाहिजे असं नसतं. तो थोडा वेळ उभा राहतो आणि पुढच्या घरी जातो. तंबाखूची लाटही बहुतेक वेळा काही मिनिटांत चढते आणि ओसरते. तेवढी मिनिटं काढायची असतात.

त्यासाठी मूठ मिटा, लांब श्वास सोडा, सूचना मनात म्हणा. वीस सेकंदांचं काम आहे, चालता चालता होतं, शेजारच्याला कळतही नाही. स्पीगल यांच्या पद्धतीतही भर याच छोट्या, दिवसभरात पुन्हा पुन्हा करायच्या उजळणीवर होता. दिवसातून पाच वेळा अजान होते आणि ती गावातल्या सगळ्यांनाच ऐकू येते. ज्याला नमाज पढायची नाही, त्यानं निदान मूठ मिटावी.

बाकीची तयारी साध्या अकलेची. चंची आणि चुन्याची डबी घरातून बाहेर काढा. इफ्तारनंतर आठ-दहा दिवस टपरीचा रस्ता टाळून तरावीहला जा. तोंडाला काहीतरी हवंच असेल तर मिसवाक, बडीशेप किंवा लवंग ठेवा. सुपारी नको, ‘साधी’ म्हणून मिळणारीही नको. दिवसाच्या तीन पुड्या, दहा रुपयांची एक, असा हिशेब धरला तर महिन्याला नऊशे रुपये होतात. ईदला लेकराचे कपडे त्यात येतात. ते पैसे खरोखरच वेगळ्या डब्यात टाका, म्हणजे डोळ्यांना दिसतील.

कितपत भरवसा ठेवायचा

इथं वाचकाला खरं सांगणं भाग आहे. स्वसंमोहन हा रामबाण उपाय नाही. स्पीगल यांचे चिरंजीव डेव्हिड स्पीगल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये २२६ धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पद्धतीच्या एका भेटीनंतर आठवड्याभरानं निम्म्याहून थोडे जास्त लोक सिगारेटपासून दूर होते. दोन वर्षांनी २३ टक्के टिकून राहिले. एका भेटीसाठी हा आकडा वाईट नाही, पण चारातले तीन परत फिरले हेही त्यातच लिहिलेलं आहे. २०१९ मध्ये अशा १४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. संमोहन इतर समुपदेशनापेक्षा सरस आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. आणि हे सगळं सिगारेटबद्दल. तोंडात धरायच्या तंबाखूबाबत जास्त आधार आहे तो समुपदेशनाला, फोनवरच्या पाठपुराव्याला आणि डॉक्टरांनी दिलेल्या काही औषधांना.

म्हणून स्वसंमोहन एकटं वापरू नका, जोडीला घ्या. केंद्र सरकारची मोफत तंबाखूमुक्ती मदतवाहिनी २०१६ पासून सुरू आहे. क्रमांक १८००-११-२३५६. तो पुडीवरच छापलेला असतो, त्या चित्राखाली, जिकडे आपण बघत नाही. समुपदेशक तुमच्याशी बोलून तारीख ठरवतात आणि नंतर पुन्हा फोन करतात. औषध घ्यायचं झालं तर डॉक्टरांना विचारून, आणि रोज्यात केव्हा घ्यायचं ते आपल्या इमामांना विचारून. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे किंवा भास होतात, त्यांनी संमोहनाचे प्रयोग मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय करू नयेत. व्यसन एकट्यानं सुटत नाही, हे पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणनं आणि साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या परिवर्तननं आपल्याला दाखवून दिलं आहे. घर, मित्र आणि पाठपुरावा लागतोच.

रोज्यापुरतं बोलायचं तर, एखाद्या संध्याकाळी घसरलात म्हणून महिना वाया गेला असं समजू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहेरी असते आणि पुन्हा नियत करता येते.

आरशासमोर आणि चुलीपाशी

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय थांबता येत नाही. पहिली आरशाची. आपल्या हाताची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालून बघा. ती जात नसतील, इफ्तारच्या भज्यांतली मिरची पूर्वी लागत नव्हती तशी आता तोंडात आग लावत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर ईदची वाट बघू नका. सरकारी रुग्णालयात किंवा दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन तोंड दाखवा. लवकर सापडलं तर उपाय सोपा असतो. उशिरा सापडलं तर जबडा जातो आणि त्यानंतर खजूरही चावता येत नाही.

दुसरी चुलीपाशी. तंबाखू म्हटलं की आपण चौकातला पुरुष बघतो. राज्यातल्या दर सहा बायकांमागे एक धूरविरहित तंबाखू वापरते, असं तीच २०१६-१७ ची पाहणी सांगते. तव्यावर भाजलेली मशेरी दातांना लावणाऱ्या आजी, अम्मी, सासूबाई अंबड-भोकरदनच्या खेड्यांत घरोघर दिसतात, हिंदूंच्या घरात आणि मुसलमानांच्याही. त्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही आणि म्हणूनच कुणी मदतही करत नाही. त्यांच्यासाठी ही पद्धत उलट सोपी आहे. कारण रोज ठरल्या वेळी, ठरल्या कोपऱ्यात, एकटीनं दहा मिनिटं बसायची त्यांना मशेरीमुळे सवय आहेच. ती जागा आणि ती दहा मिनिटं तशीच ठेवा. फक्त डबी काढून टाका आणि डोळे मिटून बसा. त्या दहा मिनिटांत घरातल्यांनी हाक मारू नये, एवढी मदत घर करू शकतं.

ईदनंतर

ईदच्या सकाळी नमाज होते, गळाभेटी होतात, शीरखुर्म्याच्या वाट्या मोहल्ल्यात आणि मोहल्ल्याबाहेरही फिरतात. त्या दिवशी ‘आज ईद आहे, एक चालतंय’ म्हणत पुडी पुढे करणारा कुणीतरी भेटतोच. महिनाभर टिकलेले कित्येक जण तिथं घसरतात. या प्रसंगाचं चित्र आधीच मनात उभं करून ठेवा. पुडी पुढे येते, तुम्ही हसून मूठ मिटता आणि शीरखुर्म्याची वाटी पुढे करता. आठ दिवस आधीपासून हे चित्र रोज बघितलं असेल, तर त्या सकाळी नवं काही करावं लागणार नाही.

आणि तुमच्या ओळखीत, कारखान्यात, ऑफिसात, शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणी रोजेदार तंबाखू सोडायच्या प्रयत्नात असेल, तर या महिन्यात त्याच्यासमोर मळू नका. भाऊ, शेजारी, मित्र म्हणून एवढं करता येतं. जमलं तर इफ्तारनंतर त्याच्यासोबत टपरीच्या उलट्या दिशेनं दहा मिनिटं चालून या. रमजान मुबारक.